सदर महिला ओट्यावर मिळून आली

नवशाचं पत्र आलं तेव्हा तुळशीदासने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग शब्दकोशात 'म'च्या पानांत घालून ठेवलं. उत्तर काही दिलं नाही. त्याला आता दोन पावसाळे झाले. मधूनमधून एखादा शब्द बघायला कोश उघडावा, तर पत्र डोकं वर काढी. शेवटी तुळशीदासने 'म'चे शब्द बघायचंच सोडून दिलं.

पत्र कारागृहातून आलं होतं, तपासणीचा शिक्का बसलेला होता आणि मजकूर असा होता:

"मी खाली सही करणार नवशा, वय वर्षे सत्तावीस, धंदा पूर्वी लाकूड, सध्या काही नाही, हल्ली मुक्काम कारागृह, स्वखुशीने विचारतो की, आपण माझ्या 'माझी आई' या निबंधास दहापैकी सात गुण दिले होते. सदर गुण मास्तर म्हणून दिले की पोलीस म्हणून दिले, याचा खुलासा व्हावा. सोबत निबंधाची खरी नक्कल जोडली आहे. उत्तराची घाई नाही. मी इथेच आहे."

तुळशीदासने स्वतःला कारणं पुष्कळ दिली. आधी खटला चालू होता. साक्षीदाराने आरोपीशी पत्रव्यवहार करणं बरं दिसत नाही. मग साक्ष झाली, शिक्षा लागली, तर घरात पाकीट नव्हतं. पाकीट आणलं तर पेनातली शाई फिकी वाटू लागली. खरं कारण एकच होतं. त्याला उत्तर माहीत नव्हतं.

तुळशीदास पोलीस ठाण्यात रायटर होता. रायटर म्हणजे लेखक नव्हे, हे त्याची बायको पुष्पलता येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगे. रायटर म्हणजे फिर्यादी, जबाब, पंचनामे लिहिणारा हवालदार. चोर पकडायचे दुसऱ्यांनी, कागदावर बसवायचे याने. सगळी नोकरी मान खाली घालून लिहिण्यात गेली. त्यामुळे अर्ध्या मुलखाने त्याला पाहिलं होतं आणि कोणी ओळखत नव्हतं. ठाण्यात येणाऱ्याला त्याचं टक्कल तेवढं दिसे. टेबलाच्या खणात वाचनालयाचं पुस्तक असे, आणि स्वभाव इतका भिडस्त की पायावर कोणाचा पाय पडला तर हाच माफी मागे.

निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं, तेव्हा नव्या फौजदार प्रतिक्षा मॅडम आल्या. त्यांना नवशा हवा होता. मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावर हा गडी खैराचं चोरटं लाकूड काढी. खैर तोडायचा, साल सोलायची, ओंडके पिकअपमध्ये रचायचे, वरून गवताच्या पेंढ्या टाकायच्या, की गाडी खाली काताच्या भट्टीकडे चालू लागे. विडा खाल्ल्यावर तोंडात जो लाल रंग येतो त्याचा उगम असा आहे. दोनदा गाडी अडवली, दोन्हीदा गवताखाली गवतच निघालं. नवशाला कोणीतरी आधी कळवत असे. तेव्हा मॅडमनी ठरवलं की आता आपलाही माणूस त्याच्याकडे बसवायचा.

त्यात खबऱ्याने बातमी आणली की नवशा मास्तर शोधतोय.

"कशाला?" मॅडम म्हणाल्या.

"सरपंच व्हायचंय त्याला. पंच्याण्णव सालानंतर जन्मलेल्याला सातवी पास लागते. हा चौथीतून पळालेला. आता मुक्त विद्यालयाची आठवीची परीक्षा देतो म्हणतोय. पण एक मास्तर तयार होईल तर शपथ. एक जण तयार झाला होता, त्याला पाड्यावरचा कुत्रा चावला."

"आपल्याकडे मास्तरासारखं दिसणारं कोण आहे?"

सगळ्यांनी नुसती मान वळवली. तुळशीदास लिहीत होता.

"मॅडम, मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला.

"बोलू नका. शिकवायला जायचं, शिकवायचं. गाडी कधी निघते ते कानावर पडेल, ते मला सांगायचं."

"नाव दुसरं घ्यावं लागेल ना?"

"घ्या की."

"मग कोणी हाक मारली तर माझं लक्ष जाणार नाही."

मॅडमनी फाइल मिटली. "मग तेच ठेवा, काका."

घरी पुष्पलता स्वतः निवृत्त मास्तरीण. ती म्हणाली, "जन्मभर पोलीस असून तुम्ही कोणाला पोलीस वाटला नाहीत. कशाचं चीज कुठे होईल सांगता येत नाही." आणि टक्कल झाकायला तिने एक पांढरी टोपी काढून दिली.

मोखाड्याच्या एस.टी. स्टँडवर त्याला न्यायला सुकऱ्या आला. सुकऱ्या नवशाचा ड्रायव्हर. मोटरसायकलवर मागे वळून बोलायची त्याला सवय होती, त्यामुळे रस्त्याकडे तुळशीदासलाच बघावं लागे.

"गुर्जी, तुम्ही मारता काय?"

"नाही बुवा."

"मंग शिकवणार कसं?"

हा प्रश्न तुळशीदासलाही पडला होता.

नवशा दांडगा होता आणि गुरुजींसमोर बसला की लाजाळूच्या झाडासारखा मिटे. कुऱ्हाडीचे घट्टे पडलेल्या त्या हातात पेन्सिल टिकत नसे. पहिल्या दिवशी चार मोडल्या आणि पाचवी त्याने सुकऱ्याकडून कुऱ्हाडीने तासून घेतली. गणित त्याला फार शिकवावं लागलं नाही. ओंडका पाहून त्याचे घनफूट सांगणाऱ्याला कोण काय शिकवणार. अडायचं ते मराठीत. त्याची आई गौरा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सुपात नागली घोळत बसे. तिची जीभ कोयत्यासारखी होती आणि खरा कोयताही मागे खांबाला अडकवलेला असे.

बाजारातून आणलेल्या गाइडात 'माझी आई' हा निबंध होता. नवशाने तो बोट ठेवून वाचला.

"माझी आई म्हणजे वात्सल्याचा सागर. गुर्जी, सागर म्हणजे?"

"समुद्र."

नवशाने वळून आईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाय गुर्जी. आई समुद्रासारखी नाय. लय तर विहिरीसारखी म्हणू. वाकून बघितलं तर आवाज येतो."

"मुडद्या, ऐकू येतं मला," गौरा म्हणाली.

"बघा."

तुळशीदासला हसू आलं, आणि हसण्याच्या भरात त्याने त्याला येत होतं तेवढं एकच शिकवलं. "गाइड बाजूला ठेव. दिसतं ते लिही. कोण आहे, कुठे आहे, काय करते, हातात काय आहे. नाही दिसत ते लिहायचं नाही."

वास्तविक तुळशीदासने पुस्तकं वाचली होती ढीगभर. पण लिहायला बसला की ती सगळी कुठे पळून जात कोण जाणे, हातातून पंचनामाच उतरे. लग्नानंतर पुष्पलतेला पहिलं पत्र लिहिलं त्यात "सदर पत्नीस कळविण्यात येते की" असं आलं होतं, ते ती अजून पाहुण्यांना सांगते. आता हेच व्यंग तो विद्यादान म्हणून वाटू लागला. नवशाने "ती बाई" लिहिलं की हा "सदर महिला" करी. "सापडली" दिसलं की "मिळून आली". नवशाला ही भाषा फार आवडली. तिला वजन होतं. सरपंचाने असंच बोलायला हवं, असं त्याचं मत पडलं.

आणि मग ती भाषा पाड्यावर खरजेसारखी पसरली. सुकऱ्या उंबऱ्यात बसून ऐके. एकदा बकरी भाजीत शिरली तेव्हा तो ओरडला, "सदर बकरी वांग्यात मिळून आली रं." लाकूड तोडणारे एकमेकांना "नमूद इसम" म्हणू लागले. पोरंसोरं भांडली तरी "तू उडवाउडवीची उत्तरं देतोस" म्हणू लागली. तुळशीदासला वाटे, आपल्या हातून कधी नव्हे ते काहीतरी रुजतंय. काय रुजतंय हे त्याच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं गौराच्या.

नवशाचा निबंध पुरा झाला त्या दुपारी तो उभा राहून, छाती पुढे काढून वाचू लागला:

"माझी आई. सदर महिला नामे गौरा, वय अंदाजे पन्नास, रंग सावळा, बांधा मजबूत, डाव्या गालावर तीळ, त्या तिळावर एक केस, ही राहत्या घराच्या ओट्यावर मिळून आली. तिच्या ताब्यात एक सूप व त्यात अंदाजे दोन किलो नागली मिळून आली. तिला विश्वासात घेऊन विचारपूस केली असता तिने उडवाउडवीची उत्तरे दिली. अधिक विचारले असता सूप फेकून मारले. येणेप्रमाणे माझी आई आहे."

सुपाचा आवाज थांबला होता. गौरा नवशाकडे बघत नव्हती. ती तुळशीदासकडे बघत होती, आणि तिचा हात मागे खांबाकडे गेला होता.

"किती मार्क, गुर्जी?" नवशाने विचारलं.

तुळशीदासला त्या क्षणी कोयत्याची मूठ, ती धरणारी बोटं आणि आपली मान एवढंच दिसत होतं.

"सात," तो म्हणाला.

नवशा इतका खूश झाला की सुकऱ्याला सांगायला धावत सुटला. गौराने तो लांब जाईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "गुर्जी, टोपी काढा."

"डोक्याला ऊन लागतं."

"छपराखाली बसलाव."

तुळशीदासने टोपी काढली. गौरा उठून जवळ आली, उभी राहिली आणि वरून नीट बघितलं, पिकलेलं फळ बघावं तसं.

"हां. ह्याच टकलाखाली माझ्या मोहाच्या दारूच्या तीन केशी लिहिल्या. मला वाचता येत नाय, पण तिन्ही वेळा वाचून दाखवलंन. सूर हाच. 'सदर महिला मिळून आली.' मी काय मिळून आले? मी तिथंच राहते."

तुळशीदास टोपीची घडी घालू लागला. नाही म्हणायला त्याला जमलं असतं, पण सुचलं नाही.

"तोंड वर केलं असतंस कधी तर पहिल्याच दिवशी वळखला असता," गौरा म्हणाली. ती आता एकेरीवर आली होती. "परीक्षा कधी हाय त्याची?"

"महिना आहे अजून."

"पास व्हईल?"

"मराठीचं काही खरं नाही. बाकी होईल."

गौराने कोयता परत खांबाला अडकवला. "ऐक. पोरगा आज ना उद्या धरला जाणार, हे मला कळतं. लाकडात एक तर पाय तुटतो नायतर जेल. माझा दीर आत जाऊन आला. तो सांगत होता, अडाण्याला आत संडास धुवायला लावतात. शिकलेल्याला हापिसात बसवतात, पंख्याखाली. माझा पोरगा पंख्याखाली बसला पायजे. परीक्षेपर्यंत तू मास्तर. त्याच्यानंतर तुला काय व्हायचं ते हो."

"आणि मध्येच मी..."

"मधी काय केलंस तर मंग कुत्रा हाय."

कुत्रा अंगणात झोपला होता. त्याने नाव ऐकून एक डोळा उघडला.

त्या दिवसापासून तुळशीदास दोन्हीकडून वेषांतरात राहू लागला. नवशासमोर तो पोलीस नव्हता, आणि मॅडमसमोर तो ओळखला गेलेला नव्हता. मॅडमना तो वाचनालयात भेटे. त्या वर्तमानपत्र धरून बसत, हा समोर पुस्तक धरून बसे.

"काही कळलं?"

"गुरुवारी माल निघतोय म्हणतात," कुत्रा डोळ्यांपुढे असतानाही त्याने सांगून टाकलं.

पण गुरुवारी माल निघालाच नाही. त्याला कारण सुकऱ्या. भट्टीवाल्या व्यापाऱ्याला फोन करायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने आपली नवी भाषा लावून सांगितलं, "नमस्कार. सदर माल गुरुवारी नमूद ठिकाणी मिळून येईल. आपण दोन इसमांसह हजर राहावे." मग व्यापाऱ्याने विचारलं, "कोण साहेब बोलताय?" आणि फोन बंद करून तो जो गायब झाला तो पंधरा दिवस कोणाला दिसला नाही.

नवशा सुकऱ्यावर भडकला. "धंद्यात मराठी बोलायची नाय. धंद्यात हिंदी बोलायची. किती वेळा सांगू."

व्यापारी परत सापडला तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली. नवशाने एका दुपारी वह्या आवरता आवरता तुळशीदासला अगदी विश्वासाने सांगितलं, "गुर्जी, मराठीच्या पेपरादिवशीच गाडी काढतोय. मी जव्हारला शाळेत बसलेला. सही केलेली, सुपरवायझरने बघितलेला. गाडी धरली तरी नवशा कुठं व्हता? परीक्षेला. कशी आयडिया हाय?"

"पेपरात लक्ष राहील का?"

"लक्ष तिकडंच हाय. गाडी काय, दर महिन्याला जाते. पेपर एकदाच." आणि मग नखाने पुस्तकाचा कोपरा खरवडत तो म्हणाला, "मागं सात दिले व्हते तुम्ही. तेवढे लिहिले तर पास ना?"

तुळशीदासने मान हलवली. आणि संध्याकाळच्या एस.टी.ने जव्हारला येऊन त्याने मॅडमना दिवस सांगितला. सांगावाच लागला. त्यासाठीच तर पाठवलं होतं. फक्त एवढं म्हणाला, "मॅडम, त्याला पेपर सुटल्यावर घेतलं तर?"

"काका, ती आठवीची परीक्षा आहे. राष्ट्रपतींची शपथ नाही."

पेपराच्या दिवशी शाळेच्या आवारात तुळशीदास साध्या कपड्यांत, टोपी घालून उभा होता. मॅडम घाटात होत्या, गाडीच्या वाटेवर. शाळेच्या जांभळाखाली गौरा फडक्यात भाकरी बांधून बसली होती. जवळ न जाणं शिष्टपणाचं दिसलं असतं, म्हणून तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"आजच ना?" गौराने विचारलं.

"आजच."

"मला वाटलंच. पेपरादिवशी काढतो म्हणाला तेव्हाच म्हटलं, हा गुर्जीला सांगितल्याबिगर राहायचा नाय."

"तुम्ही त्याला सावध केलं नाहीत?"

"केला असता तर पळाला असता. पळाला असता तर परीक्षा बुडाली असती." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की एवढं साधं याला कसं कळत नाही.

खिडकीतून नवशा दिसत होता. आठवीच्या बाकात त्याचे गुडघे मावत नव्हते. जीभ दातांत धरून तो लिहीत होता. मध्येच थांबून छताकडे बघे, ओठ हलवी, आणि पुन्हा खाली वाकून लिहू लागे. तुळशीदासच्या मनात आलं, आपण लिहिताना बाहेरून असेच दिसत असू. मग वाटलं, नाही, हा आपल्यापेक्षा जास्त मन लावून लिहितोय.

फोन वाजला. पेपर अर्धा झाला होता.

"काका, गाडी मिळाली. गवताखाली खैरच. सुकऱ्याने विचारायच्या आधी सगळं सांगितलं, आणि काय भाषेत सांगितलं म्हणून विचारा. आता नवशाला उचला. हॉलमध्ये जा आणि काढा बाहेर. मोठे साहेब ठाण्यात पोचायच्या आत मला तो तिथे हवाय."

तुळशीदासने खिडकीकडे पाहिलं. नवशाने पुरवणी मागायला हात वर केला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी तुळशीदासने शिकवलेलं लिहायला जादा कागद मागत होतं.

"मॅडम," तो म्हणाला, "सदर इसम अद्याप मिळून आलेला नाही."

"म्हणजे? परीक्षेला बसलाय ना तो?"

"शोध चालू आहे."

"काका, तुम्ही शाळेत आहात ना?"

"रेंज नाही, मॅडम," तुळशीदास म्हणाला आणि फोन बंद केला. सगळ्या नोकरीत त्याने न घडलेली एक ओळ कधी लिहिली नव्हती. चोराने सात अंडी चोरली तर सातच लिहिली होती, फिर्यादी दहा म्हणून ओरडत असतानासुद्धा.

"खोटं बोललास," गौरा म्हणाली.

"सवय नाही."

"दिसतंय. घाम पूस. आणि भाकरी खा, नायतर पडशील नि मलाच उचलावा लागेल."

त्यांनी भाकरी खाल्ली. गौराने एकदा विचारलं की जेलात पंखे हप्त्यातून किती दिवस चालतात, ते त्याला माहीत नव्हतं.

घंटा झाली. नवशा धावतच बाहेर आला, बोटांना शाई, शर्टालाही शाई.

"गुर्जी, 'माझे गाव' आला. चारी बाजूंच्या हद्दींसकट लिहिला. पूर्वेस ओढा, पश्चिमेस सरकारी जंगल. 'उत्तरेस खैराची झाडे पूर्वी होती, सध्या मिळून येत नाहीत.' हे बरोबर ना?"

"बरोबर," तुळशीदास म्हणाला. "नवशा, मी पोलीस आहे."

नवशा हसला. मग आईकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू उतरलं. गौरा फडकं झटकत होती.

"गाडी घाटात धरली," तुळशीदास म्हणाला. "तुला माझ्याबरोबर यावं लागेल."

नवशाने दोनदा इकडेतिकडे पाहिलं. पळाला असता तर तुळशीदासच्या हाती तो लागला नसता, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण त्याला भलतंच काहीतरी आठवलं.

"म्हणजे ते सात पण खोटे?"

तेवढ्यात मॅडमची जीप फाटकातून आत शिरली.

मॅडमनी त्याला पुढे विचारलं, मधला दीड तास तुम्ही कुठे शोध घेतलात. तुळशीदास म्हणाला, परिसरात. मग निवृत्तीच्या समारंभात शाल देताना त्या एवढंच म्हणाल्या की काकांसारखा प्रामाणिक माणूस विरळा. तुळशीदास शालीत लाल झाला.

नवशा मराठीत काठावर, पण पास झाला. गौराने निकालाचा कागद प्लॅस्टिकमध्ये घालून कारागृहात नेऊन दिला. सरपंचकी तर हातची गेलीच, पण आत तो इतरांचे अर्ज लिहून देऊ लागला. वर पंखा होता. आणि तिथूनच ते पत्र आलं होतं.

उत्तर द्यायचंच, हे गौरामुळे ठरलं. जव्हारच्या आठवडी बाजारात ती रानातले करांद्याचे कंद विकायला बसली होती. तुळशीदास पिशवी घेऊन तिच्यासमोर आला, आणि ओळखल्यावर मागे फिरला, तोच तिने हाक मारली.

"ओ मिळून आलेले. इकडं या."

तो गेला.

"पोरगा दिवाळीला सुटतोय. मागच्या खेपेला भेटले तर म्हणतो, गुर्जीचं काय आलं का? दर खेपेला तेच. माझी तब्येत नाय विचारत." तिने त्याच्या पिशवीत न विचारता करांदे भरले. "माझ्या तीन केशी लिहायला तुला पाऊण घटका लागली नाय. आणि एक आकडा लिहायला दोन वर्षं?"

"मला ठाऊक नाही हो किती द्यायचे ते. तेव्हा तुमच्या हातात कोयता होता."

"आता नाय ना," गौरा म्हणाली. "आता तपास."

तुळशीदास घरी आला. कोश उघडला, 'म' काढला आणि निबंधाची नक्कल पुढ्यात घेऊन बसला. तासभर हलला नाही. पुष्पलतेने खांद्यावरून वाचून पाहिलं.

"चार," ती म्हणाली. "शुद्धलेखनाचे तेवढेही नाहीत."

"तिळावरचा केस पाहिलास?"

"पाहिला."

"तो गाइडात नव्हता. मी सांगितला नव्हता."

पुष्पलतेने पुन्हा वाचलं. "बरं, पाच. पण तुमचं तुम्ही ठरवा. पत्र तुम्हाला आलंय."

त्याने लिहिलं ते असं:

"नवशास अनेक आशीर्वाद. त्या दिवशीचे सात गुण मास्तराने दिले नव्हते आणि पोलिसानेही नाही. एका घाबरलेल्या माणसाने तुझ्या आईच्या हाताकडे बघत ते दिले होते. ते रद्द समज. आज निबंध पुन्हा तपासला. सहा. तिळावरच्या केसाला पुरे गुण आहेत. सूप फेकून मारल्याचे वाक्य मी लिहिले असते तर मला अभिमान वाटला असता. 'बांधा मजबूत' हे शब्द माझे आहेत, तुझे नाहीत, तिथे एक कापला. शेवट उरकला आहेस, तिथे एक. उरलेले दोन अशासाठी की तुझी आई ओट्यावर बसलेली दिसते, पण कशाला बसली आहे ते लिहिलेले नाही. ती रस्त्याकडे बघत बसते. तुला ते दिसले नसणार, कारण त्या रस्त्याने तूच येत असतोस. सुटून आलास की घरी ये. नववीची पुस्तके पुष्पलताबाईंकडे आहेत आणि त्या माझ्यासारख्या नाहीत, मारतात."

पुष्पलतेने वाचलं आणि कागद परत दिला. "'सदर' एकदाही नाही," ती म्हणाली. मग पाकीट चिकटवताना म्हणाली, "आणि पेटीत टाकू नका. स्पीड पोस्ट करा, पावती घ्या. नाहीतर पोचलंच नसेल असं स्वतःला सांगत बसाल."

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या मुलीने पत्ता वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पत्ता वाचला.

"स्पीड पोस्टच ना, काका? घाईचं आहे?"

"हो," तुळशीदास म्हणाला. "फार घाईचं आहे."

तिने वजन केलं, चिठ्ठी चिकटवली आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.